काम गुप्त, मग गाऱ्हाणीही गुप्तच?

भाटघरच्या जलाशयालगतच्या भोर-वेल्हे भागात बहिर्जी नाईकांचे नाव आजही आदराने घेतले जाते. राजगडाहून राज्यकारभार चालत असता, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीसाठी बातमी काढून आणणारा हा हेर. त्याच्या घरसंसाराविषयी मात्र इतिहास जवळजवळ मुका आहे. हेराचे कर्तृत्व गावे आणि त्याचे माणूसपण विसरावे, ही रीत आजच्या शासनानेही सोडलेली नाही.

२०२५ साली इंटेलिजन्स ब्यूरोने साहाय्यक केंद्रीय गुप्तचर अधिकाऱ्यांच्या ३,७१७ जागांची जाहिरात काढली. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येत होता. या नोकरीत वर्दी नाही, पण देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात बदली होऊ शकते. मुलांची शाळा, पत्नीची नोकरी, गावाकडचे म्हातारे आईबाप यांची घडी प्रत्येक बदलीबरोबर मोडते. दिवसभराच्या कामाचा ताण घरी आल्यावर बोलून हलका करावा, तर तीही मुभा नाही.

असा नोकरदार आपले दुःख मांडणार कोठे? १९८० साली 'रॉ'च्या कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले, तेव्हा काहींना चौकशीविना बडतर्फ करण्यात आले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती बडतर्फी उचलून धरली. दरम्यान १९८४ मध्ये पन्नासावी घटनादुरुस्ती होऊन कलम ३३ ची कक्षा गुप्तचर संघटनांपर्यंत वाढली. पाठोपाठ १९८५ चा कायदा आला. परवानगीवाचून कामगार संघटनेचे सभासद होणे किंवा वृत्तपत्रांशी बोलणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद.

या बंदिस्तपणाची किंमत कोण मोजते, हे 'रॉ'मधील एका महिला अधिकाऱ्याच्या प्रकरणाने दाखवून दिले. तिने २००७ मध्ये लैंगिक छळाची तक्रार केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची सक्तीची निवृत्ती वैध ठरवली, परंतु तक्रारीची हाताळणी अयोग्य झाली हे मान्य करून एक लाख रुपयांची भरपाई देवविली. या न्यायाला तेरा वर्षे लागली.

देशाची गुपिते चव्हाट्यावर आणावीत असे कोणी म्हणत नाही. पण बदलीचे निकष, बढतीची ज्येष्ठता आणि छळाची तक्रार ही राष्ट्राची गुपिते नव्हेत. ती वरिष्ठांच्या सोयीची गुपिते आहेत. १९८४ मध्येच ब्रिटनच्या थॅचर सरकारने जीसीएचक्यू या टेहळणी संस्थेत कामगार संघटनांवर बंदी घातली होती. सभासदत्व न सोडणारे चौदा जण नोकरीला मुकले. १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ती बंदी उठवली, आणि संस्थेचे काम पूर्ववत चालूच राहिले.

आपल्याकडे निदान एवढे तरी व्हावे: गाऱ्हाणी ऐकणारी, वरिष्ठांच्या हाताबाहेरची वैधानिक यंत्रणा, कुटुंबाचा विचार करणारे बदल्यांचे लेखी नियम, आणि या संघटनांवर संसदेची देखरेख. ज्यांच्यावर पाळत ठेवली जाते त्यांच्या हक्कांसाठी समाजवादी कार्यकर्ता नेहमीच लढत आला आहे. पाळत ठेवणाराही अखेर पगारावर राबणारा माणूस आहे. आपल्या नोकरांना मुके करणारी यंत्रणा उद्या नागरिकांचे ऐकेल, ही आशा व्यर्थ होय.