बसून खातें कोण?
'आमची बायको कांहीं करीत नाहीं, घरींच असते,' असें आमचे पुष्कळ बांधव बेधडक सांगतात. सरकारच्याच 2019 सालच्या पाहणींत घरकाम करणाऱ्या बायकांचीं रोज सरासरी 299 मिनिटें त्यांत गेलेलीं आढळलीं. जे पुरुष तें करितात त्यांचीं 97. मुलांचें संगोपन वेगळेंच! लेंकराचें पहिलें पाऊल तिच्या डोळ्यांपुढें पडतें, हें सुख खरें. पण त्या सुखाच्या नांवाखालीं तिचे श्रम फुकट लाटणें ही भिक्षुकशाहीचीच रीत होय. परक्या घामावर जगणारांना आम्ही नांवें ठेवतों. आधीं आपल्या चुलीपाशीं पाहूं. बांधवहो, घराच्या कागदावर तिचें नांव घाला. सायंकाळीं लेंकरूं आपण घ्या. सुखाचाही वांटा मिळेल.