जाहीर आवाहन : महिन्याचे वाणसामान एकत्र भरा

दुधाच्या पिशवीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेण्याची चाल गिरगावापासून लालबागपर्यंत अनेक ठिकाणी पडली आहे. कारण विचारले तर पिशवी थंड ठेवायला वीज लागते, असे उत्तर मिळते. छापील किमतीत सगळे कर आणि विक्रेत्याचे कमिशन आधीच धरलेले असते. तिच्यावर एक पैसाही घेता येत नाही. घेतल्यास दंड आहे. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराचे यात वर्षाला ७३० रुपये जातात आणि चाळीस बिऱ्हाडांच्या चाळीचे २९,२००. तरीही ‘एका रुपयासाठी कोण भांडणार’ म्हणून पिशवी उचलली जाते, आणि संध्याकाळी कट्ट्यावर महागाईच्या नावाने बोटे मोडण्यात तीच मंडळी पुढे असतात.

मोठी वाढ निदान वर्तमानपत्रात छापून येते. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी चढून मुंबईत ८५२ रुपये ५० पैशांवर गेला. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान तिकीट ५ रुपयांचे १० रुपये झाले. परळहून दादरला रोज जाणारी-येणारी दोन माणसे घरात असली, तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत १०४ तिकिटे लागतात. ५२० रुपयांचे १,०४० झाले. पगार दुप्पट झाला नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा बिल ताडून पाहणारी घरे किती निघाली, हे ज्याचे त्याने आठवावे.

घरखर्च भागत नाही म्हटले की पहिला उपदेश बाईला होतो : तेल जपून वापर, भाजी निवडून घे, भिशी लाव. काटकसर या भागातल्या बायकांना शिकवायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाल्यावर सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, तेव्हा चुली त्यांनीच पेटत्या ठेवल्या. पण एकटी बाई दुकानदाराशी दर ठरवू शकत नाही. १९७२ च्या दुष्काळात तेल, रवा, रॉकेल मिळेनासे झाले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या, त्यात गिरणगाव होतेच.

लाटण्यासारखा तराजूही इथलाच. कामगारांच्या ग्राहक सहकारातून नायगावात १९४८ साली अपना बाजार उभा राहिला. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचे लिज्जत झाले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात बांधले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने रीत घालून दिली ती आजही चालते : शेजारची घरे मिळून संघ करतात, महिन्याची यादी भरतात, माल एका घरी उतरतो आणि आपसांत वाटला जातो.

या रीतीत कराचाही एक फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या तांदूळ, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्या धान्यावर लागत नाही आणि २५ किलोंहून मोठ्या पोत्यावरही नाही. ६० रुपये किलोच्या ३० किलो तांदळावर हा कर ९० रुपये होतो. एका घराला ३० किलोचे पोते परवडत नाही, ठेवायलाही जागा नाही. सहा घरांत मात्र प्रत्येकी ५ किलो येतात, म्हणजे एक डबा.

आक्षेप ठरलेले आहेत. ॲपवर दहा मिनिटांत येते म्हणणाऱ्याने बिलाखालचा हाताळणी आकार वाचावा. नोकरीवाल्या बायकांना वेळ नाही, हे खरे. म्हणून पोते पुरुषांनी उचलावे. लोक एकत्र येत नाहीत, ही सबब तर लालबाग-परळमध्ये कोणी तोंडातून काढू नये. गणपतीची वर्गणी दोन संध्याकाळी घरोघर फिरून गोळा होते, तूरडाळीची का होऊ नये? एप्रिल-मेमध्ये बेडगी आणि काश्मिरी मिरची घेऊन लालबागच्या डंकासमोर डोळ्यांना पदर लावून तासभर उभ्या राहणाऱ्या शेजारणी मसाल्यापुरत्या एकत्र येतातच.

तेव्हा प्रत्येक मजल्याने पाच-सहा घरांचा गट लगेच करावा. सुरुवात तांदूळ, तूरडाळ, साखर, तेल एवढ्यावरच. यादी लांबली की भांडणे होतात. पैसे आधी, उधारी कोणालाही नाही, नातेवाईकालासुद्धा. मशीद बंदर आणि वाशीच्या घाऊक बाजारातले भाव दोघांनी जाऊन विचारावेत, नमुना आणून एका घरी शिजवून बघावा. हिशेबाची वही दर महिन्याला दुसऱ्या घरात जावी. पाकिटबंद वस्तू घेताना किमतीखालचा ग्रॅमचा किंवा किलोचा दर बघावा; वजन घटवून किंमत तीच ठेवण्याची चलाखी तिथेच पकडली जाते. दुधावर जादा रुपया मागितला तर पावती मागावी, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर एकाने नव्हे, मजल्यावरच्या प्रत्येकाने तक्रार नोंदवावी.

यादी महिन्याच्या २५ तारखेपर्यंत, माल पुढच्या ५ तारखेआधी, वाटप रविवारी सकाळी जिन्याखाली. वजनकाटा लागेल, तो बहुतेक मंडळांच्या कपाटात सजावटीच्या सामानामागे पडलेला असतो.