समुद्रकाठच्या हवेल्या आणि तीस हजारांची मर्यादा

मुंबईच्या मलबार हिलवरील एका बंगल्याचे खरेदीखत ३१ मार्च २०२१ रोजी नोंदले गेले. किंमत १,००१ कोटी रुपये. टाळेबंदीने मंदावलेल्या घरबांधणीस चालना मिळावी म्हणून राज्य शासनाने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती आणि तिचा तो अखेरचा दिवस होता. पाच टक्क्यांऐवजी तीन टक्के, म्हणजे सुमारे ३० कोटी रुपये भरून व्यवहार पुरा झाला. एका दस्तऐवजावर जनतेचे २० कोटी रुपये सोडून देण्यात आले. ज्या वर्षी ह्याच शहरातून मजूर पायी चालत आपापल्या गावी गेले, त्या आर्थिक वर्षाचा हा शेवट होता. सवलत देताना किमतीची कमाल मर्यादा घालावी, हे मंत्रालयात कोणालाच सुचले नाही, असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

ह्या व्यवहारात बेकायदेशीर असे काहीही नाही. आमचा आक्षेप कायद्यालाच आहे. दस्तनोंदणीची फीच पाहा. महाराष्ट्रात ती किमतीच्या एक टक्का आहे. मात्र कमाल मर्यादा ३०,००० रुपये. बदलापूर वा विरारला कर्ज काढून ३० लाखांचे घर घेणारा गिरणी कामगाराचा मुलगा ३०,००० रुपये भरतो आणि वरळीला शंभर कोटींचा फ्लॅट घेणाराही तेवढेच भरतो. पहिल्याच्या बाबतीत ती किमतीच्या शंभरावा हिस्सा, दुसऱ्याच्या बाबतीत तीन लाखांत नऊशे नव्हे, नव्वद नव्हे, अवघे नऊ रुपये! स्त्रियांच्या नावे घर झाले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट आहे. तिचा हेतू उत्तम आहे आणि आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु तिलाही किमतीची मर्यादा नाही. तीस लाखांच्या घरावर गृहिणीला तीस हजार मिळतात, शंभर कोटींच्या घरावर धनिकाच्या कुटुंबाला एक कोटी मिळतात. समतेच्या नावाने दिलेली सवलत विषमतेची वाहक कशी बनते, ह्याचा वस्तुपाठ शोधण्यास दूर जायला नको.

केंद्र शासनाचे धोरणही ह्याच दिशेचे राहिले. मृत्युकर १९८५ साली गेला, संपत्तीकर २०१५ च्या अंदाजपत्रकात गेला. घर विकून झालेला दीर्घ मुदतीचा भांडवली नफा दुसऱ्या घरात गुंतविला की तो करमुक्त होतो, ही तरतूद आयकर कायद्यात मध्यमवर्गीयासाठी आली. पण १ एप्रिल २०२३ पर्यंत तिला कसलीही वरची सीमा नव्हती. त्यानंतर दहा कोटींची सीमा आली. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, वरळीच्या एकाच मनोऱ्यातील २८ फ्लॅट सुमारे १,२३८ कोटी रुपयांना विकले गेल्याचे वृत्त सर्वांनी वाचले आहे. दहा कोटींपर्यंतचा नफा अद्यापही माफच आहे. दहा कोटी ही कोणत्या मध्यमवर्गाची गरज आहे, हे अर्थमंत्र्यांनी सांगावे.

"श्रीमंतांनी आपल्या पैशाने घरे घेतली, तर तुमचे काय बिघडले?" असा प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर जमिनीच्या अर्थशास्त्रात आहे. रिकार्डोपासून सर्व विचारवंतांनी ओळखलेली गोष्ट अशी की जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने वाढत नाही, समाजाच्या हालचालीने वाढते. फ्लॅटची वीट, सिमेंट, संगमरवर ह्यांचा खर्च कोठेही जवळपास सारखाच. वरळीत आणि विरारमध्ये जो प्रचंड फरक पडतो, तो समुद्राचा आणि रस्त्याचा. समुद्र कोणी निर्माण केला नाही. रस्ता मात्र आपण बांधला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतचा साडेदहा किलोमीटरचा किनारी मार्ग मुंबई महापालिकेने समुद्रात भराव घालून आणि हजारो कोटी रुपये ओतून उभारला. त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. लोकलला लोंबकळणारा करदाताही त्या खर्चाचा भागीदार आहे. ह्या रस्त्याने किनाऱ्यावरच्या फ्लॅटची जी किंमत वाढली, ती अनर्जित मूल्यवृद्धी सरळ मालकाच्या आणि बिल्डरच्या खिशात गेली. आणि वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांना त्याच रस्त्याच्या पुलाखालून आपल्या होड्या सुखरूप नेता याव्यात एवढ्यासाठी भांडावे लागले. दोन खांबांमधले अंतर मूळ आराखड्यात ६० मीटर होते. दीर्घ आंदोलनानंतर, २०२२ च्या अखेरीस, ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले.

किनाऱ्याचे संरक्षण करणारे नियमही असेच सैल होत गेले. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नये, असे पत्र इंदिरा गांधींनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. २०१९ च्या अधिसूचनेने शहरी किनाऱ्यावरील गोठविलेला चटईक्षेत्र निर्देशांक मोकळा केला आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचा ना-विकास पट्टा ५० मीटरांवर आणला. नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने त्याआधीच, २००७ साली, गुंडाळला होता.

आता खाडीच्या पलीकडे पाहू, कारण आमच्या मते खरी कसोटी तेथे आहे. मांडवा, किहीम, आवास, नागाव ह्या अलिबाग तालुक्यातील गावांत शहरी धनिकांचे बंगले वर्षानुवर्षे उभे राहत आहेत. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह मांडव्यास नेणारी रो-रो सेवा आहे, २०२४ पासून शिवडी–न्हावाशेवा सेतूही आहे. अंतर घटले की भाव चढतो, आणि पुन्हा तीच अनर्जित मूल्यवृद्धी. ह्याच तालुक्याच्या खारेपाटात, चरी आणि आसपासच्या गावांत, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले होते. नारायण नागू पाटील त्या संपाचे नेते होते. डॉ. आंबेडकरांनी खोती निर्मूलनाचे विधेयक १९३७ साली मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला. उपाशीपोटी मिळविलेली ही जमीन होती.

म्हणूनच कुळाने मिळविलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येऊ नये, असे कलम ४३ होते. २०१४ साली ते शिथिल झाले. जमीन कुळाच्या नावे होऊन दहा वर्षे लोटली असतील, तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरला की पूर्वपरवानगी लागत नाही. आकार म्हणजे शेतसारा. त्याची चाळीस पट रक्कम आजच्या अलिबागच्या भावापुढे चहापाण्याच्या खर्चाहून फार मोठी नाही. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेऊ नये, हे कलम ६३ अजून पुस्तकात आहे. दूरच्या एखाद्या तालुक्यात स्वस्तातला तुकडा घेऊन शेतकरी होण्याची युक्ती शहरातल्या गुंतवणूकदारांना चांगली ठाऊक आहे. किहीमला एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंगाने उडविण्यात आला, त्याची चित्रे सर्वत्र झळकली. तो पाडला गेला, हे योग्यच झाले. पण तो उभा राहत असताना शासन काय करीत होते?

विकणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाही. दोनचार गुंठ्यांवरच्या एकपिकी भाताने घर चालत नाही, आणि मुलीचे लग्न वा आजारपण आले की दलाल दारात उभाच असतो. पैसा घरदुरुस्तीत आणि मोटारसायकलीत विरतो, आणि मुलगा त्याच जमिनीवरल्या बंगल्याचा राखणदार होतो. जमीन न विकता गावाच्या सहकारी संस्थेमार्फत ठरावीक मुदतीने भाड्याने देणे, ही वाट अधिक हिताची आहे. भाववाढीचा हिस्सा तरी गावात राहील.

शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. नोंदणी फीवरील ३०,००० रुपयांची मर्यादा पाच कोटींवरच्या व्यवहारांना लागू नसावी. मुद्रांक शुल्क किमतीनुसार चढत्या दराने आकारावे. वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवलेल्या महागड्या घरांवर स्वतंत्र कर बसवावा. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आहेत, आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहतात. हा निधी कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या घरांसाठी राखून ठेवावा.

विधिमंडळात हे मान्य होण्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. रायगडमधील आमच्या साथींनी आपापल्या गावचे गेल्या दहा वर्षांतील फेरफार तलाठ्याकडून मागून घ्यावेत. कुळाची किती एकर जमीन गेली, कोणत्या भावाने गेली, घेणारा कोठला आणि त्याने शेतकरी असल्याचा दाखला कोठून आणला, ह्याची यादी करावी. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवावी.