हाडं जुनी, चेहरा नवा
सेव्ह पॉइंट / खेळगडी

बोलेटारियाच्या किल्ल्यात एक ढेरपोट्या अंमलदार हिंडत असतो. एका हातात भलीमोठी कुऱ्हाड, दुसऱ्या हातातून आगीचे गोळे, आणि तुम्ही दिसलात की खदाखदा हसणार. २००९ च्या मूळ ‘डीमन्स सोल्स’मध्ये या गृहस्थाच्या तोंडावर ते हसू कायमचं डकवलेलं होतं. गाल वर चढलेले, ओठ ताणलेले. राज्य बुडालंय, लोकांचे आत्मे गिळले गेलेत, उरलेसुरले जीव भान हरपून राबतायत, आणि साहेब मजेत. हे पोट कशावर सुटलंय ते सांगायला एकही संवाद लागत नव्हता.

२०२० च्या रिमेकमध्ये हाच अंमलदार त्याच जागी उभा आहे. कुऱ्हाड तीच, आग तीच. चेहरा मात्र फोडांनी भरलाय आणि कातडी लोंबतेय. बघताक्षणी किळस येते, आणि किळस आली की पुढचा विचार तिथेच थांबतो. रोगट दिसणारा राक्षस मारला, पुढे चला. मूळचा तो खाऊनपिऊन सुखी असलेला अधिकारी कुठेतरी गळून पडला.

गेले काही आठवडे पीएस५वर हा रिमेक पुन्हा खेळतोय. ‘गेम तोच आहे, फक्त ग्राफिक्स नवे’ असं त्याबद्दल सर्रास म्हटलं जातं, आणि तेच मला पटत नाही.

ज्यांनी हा प्रकार कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोलेटारियाच्या राजाने, ॲलंटने, एका झोपलेल्या प्राचीन राक्षसाला जागं केलं. रंगहीन धुकं पसरलं आणि राज्य त्यात बुडालं. तुम्ही बाहेरून आलेले एक योद्धा. शत्रू मारले की आत्मे मिळतात. हेच चलन, याच्यावरच ताकद वाढवायची आणि याच्यावरच तलवार दुरुस्त करायची. मेलात की गाठीचे सगळे आत्मे तिथेच सांडतात. परत त्या रक्ताच्या डागापर्यंत पोहोचलात तर मिळतील. वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. आणि मरणार तुम्ही नक्की. सुरुवातीच्या सरावाच्या टप्प्यातच एक अजस्र राक्षस मारून टाकतो. हात साफ असला आणि त्याला हरवलंत, तर थोडं पुढे एक ड्रॅगन एका ठोशात कारभार आटोपतो. या जगात शिकवणीची फी अशी आगाऊ घेतात.

हा खेळ तयार होत असताना त्याचा बोऱ्या वाजलेला होता. ओरॅकलमधली नोकरी सोडून हिदेताका मियाझाकी २००४ साली फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये आले. या रखडलेल्या प्रकल्पाबद्दल त्यांनी पुढे मुलाखतीत सरळ सांगितलंय, की तो कंपनीच्या लेखी आधीच फसलेला होता, म्हणूनच तो हाती घेता आला आणि त्यात मनासारखं काहीही करता आलं. सोनीच्या गेम स्टुडिओंचे तेव्हाचे प्रमुख शुहेइ योशिदा यांनी तो जवळजवळ दोन तास खेळून पाहिला, तरी ते सुरुवातीपाशीच अडकलेले होते. त्यांचं मत वाईट झालं आणि सोनीने अमेरिका-युरोपात तो स्वतः काढलाच नाही. अमेरिकेत ॲटलसने ऑक्टोबर २००९ मध्ये आणला, युरोपात तो २०१० मध्ये पोहोचला. आपली चूक झाली हे योशिदांनी नंतर उघडपणे मान्य केलं. त्यानंतरचं ‘डार्क सोल्स’, ‘ब्लडबोर्न’, ‘एल्डन रिंग’ सगळ्यांना ठाऊक आहे. आज दर दुसऱ्या महिन्याला एखादा नवा ‘सोल्सलाइक’ येतो, त्या सगळ्यांचं कूळ इथे निघतं.

मियाझाकींनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बर्फ पडलेल्या एका चढावर पुढच्या गाड्या अडकल्या, यांचीही अडकली. मग मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलत गेली आणि अशी सगळी रांग वर चढली. थांबून आभार मानावेत तर पुन्हा अडकायची भीती. कोण होती ती माणसं, पुन्हा भेटली नाहीत. या खेळातलं ऑनलाइन जग तिथून आलं. दुसरे खेळाडू तुम्हाला पुसट सावल्यांसारखे दिसतात. कुणी जमिनीवर ‘पुढे दबा धरून बसलाय’ असं लिहून जातं. कुणाच्या रक्ताच्या डागाला हात लावला की त्याचे शेवटचे काही सेकंद दिसतात: धावत आला, वळला, कड्यावरून खाली. अनोळखी माणसाच्या मरणातून शहाणं व्हायचं आणि पुढे जायचं.

रिमेक केला टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ब्लूपॉइंटने. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ नव्याने घडवणारे हेच. मियाझाकी यात नव्हते. ब्लूपॉइंटने मूळ खेळाचं आतलं गणित, शत्रूंचं वागणं, वाटा, अंतरं जशीच्या तशी ठेवली आणि वरचं दिसणारं-ऐकू येणारं सगळं नव्याने बांधलं. पहिल्या किल्ल्यात पाय ठेवला की हे पटतं. जिन्यावरून गडगडत येणारा धोंडा कुठे येणार ते हाताला माहीत असतं. पुलावर लाल ड्रॅगन आग ओकून गेला की किती वेळ मोकळा मिळतो, तोही अंदाज चुकत नाही.

सुधारणा थोड्या आहेत आणि बहुतेक शहाणपणाच्या. शत्रूवर नजर लॉक केली की पूर्वी चारच दिशांना कोलांटी मारता यायची, आता कुठेही. जखम भरणारं गवत पूर्वी पोत्याने बाळगता यायचं आणि बॉससमोर उभं राहून चरता यायचं. आता प्रत्येक जातीला मर्यादा आहे. जडशीळ सामान कुठूनही कोठारात पाठवता येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मेल्यावर पुन्हा उभं राहायला काही सेकंद पुरतात. पीएस३वर मरणापेक्षा लोडिंगचा पडदा जास्त छळायचा. ती शिक्षा मियाझाकींनी योजलेली नव्हती, यंत्राची होती. ती गेली, बरं झालं.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा खेळ पुन्हा पुन्हा उघडतो, तिकडे येतो. पाच जगांतलं एक म्हणजे घाणीची दरी. अंधार, कुजक्या लाकडांच्या पायवाटा, पुढे विषारी दलदल. जगाने टाकलेलं सगळं इथे येऊन पडतं, त्यात माणसंही आली. त्यांची सेवा करायला ॲस्ट्रिया नावाची संत इथे आली, देवाने यांना टाकलंय हे तिने पाहिलं, आणि ती इथेच राहिली. खेळाच्या लेखी ती आता राक्षस. तिचा आत्मा तुम्हाला हवा आहे.

धुक्याचा पडदा ओलांडून आत गेलात की बॉसची लढाई सुरू व्हायला हवी. होत नाही. ॲस्ट्रिया दूर दलदलीत बसलेली आहे. ती तुमच्यावर चाल करून येत नाही. निघून जा म्हणते, इथे लुटण्यासारखं काही नाही म्हणते. तिच्या वाटेवर गार्ल विनलंड हा एकटा सरदार घण घेऊन उभा. त्यालाही तुमच्यामागे धावायचं नाही, फक्त तुम्हाला पुढे जाऊ द्यायचं नाही. आजूबाजूच्या चिखलातून जन्मालाच न आलेल्या बाळांसारखे जीव तुमच्याकडे सरपटतात. गार्लला मारलंत तर ॲस्ट्रिया लढत नाही. आत्मा हवा तर घ्या असं सांगते आणि स्वतःच जीव देते. गार्लशी दोन हात नको असतील तर दूर उभं राहून बाणांनी तिला टिपण्याचीही सोय आहे. मी एकदा तेही केलंय. यश मिळाल्याची पाटी झळकते, आत्म्यांचा आकडा वाढतो, आणि कंट्रोलर टेबलावर ठेवावासा वाटतो.

हा प्रसंग रिमेकमध्ये तसूभरही कमी झालेला नाही. अंमलदाराचं हसू हरवलं आणि ॲस्ट्रिया टिकली, असं का? कारण ॲस्ट्रियाची गोष्ट चित्रात नव्हतीच, ती तुमच्या हातात होती. बटण तुम्ही दाबता. चिखल कितीही देखणा केला तरी पाप तुमच्याच खात्यावर पडतं. अंमलदाराचा अर्थ मात्र पूर्णपणे चेहऱ्यात होता. चेहरा बदलला आणि हाती उरला एक सामान्य शत्रू. ब्लूपॉइंटने नकळत एक चाळण लावली. खेळातलं काय कृतीत होतं आणि काय रूपात, ते आपोआप वेगळं झालं. लॅट्रिया या दुसऱ्या एका जगातला तुरुंग याच न्यायाने वाचला. कोठड्यांच्या रांगा, काळोख आणि पहारेकऱ्याच्या हातातल्या घंटेची किणकिण. ती घंटा डावीकडून येतेय की वरून, याचा कान देऊन अंदाज घेत पाऊल टाकायचं. भीती त्या कान देण्यात आहे, भिंतीवरच्या तपशिलात नाही.

संगीताचं तसं झालं नाही. शुनसुके किदांचं मूळ संगीत विचित्र होतं. कुठे पोकळ, कुठे कर्कश, कुठे प्रसंगाशी फटकून. स्वस्तातलं वाटावं असं, पण एकदा ऐकलं की डोक्यातून जात नसे. नव्यात भरगच्च ऑर्केस्ट्रा आहे, कोरस आहे, प्रत्येक बॉस आता मोठ्या चित्रपटाच्या थाटात येतो. वाईट म्हणवत नाही. कुठल्याही दुसऱ्या खेळात चालून जाईल असं आहे, एवढीच तक्रार. गावच्या काळ्या दगडाच्या देवळाला जीर्णोद्धारात चकचकीत ऑइलपेंट फासतात, तेव्हा गाभारा तोच राहतो आणि ज्याने खर्च केला तो श्रद्धेनेच केलेला असतो. त्याच्याशी भांडताही येत नाही. फोटो मोडमध्ये जुन्या रंगछटेची आठवण करून देणारा एक फिल्टर दिलाय, तो लावून पाहिला. रंग परत येतो, हसू येत नाही.

गंमत म्हणजे जिथे खरोखर हात घालायला हवा होता तिथे या मंडळींनी सोवळं पाळलं. ‘वर्ल्ड टेंडन्सी’ नावाचा या खेळातला एक किचकट प्रकार आहे. प्रत्येक जगाची नियत तुमच्या वागण्यावर उजळते किंवा काळवंडते. इथे मेलात की देह जातो, बॉस मारला की परत मिळतो. सदेह असताना मेलात की जग काळं होत जातं आणि शत्रू अधिक कडक होतात. म्हणजे जो आधीच धडपडतोय त्याच्या पाठीत आणखी एक गुद्दा. खेळ हे धडपणे समजावून सांगत नाही. मग जाणते खेळाडू काय करतात? बॉस मारून देह परत मिळाला रे मिळाला, की नेक्सस या मुक्कामाच्या जागी येतात आणि उंचावरून उडी मारून जीव देतात. नेक्ससमध्ये मेल्याचा हिशोब कुठल्या जगाच्या खात्यावर लागत नाही ना! कष्टाने मिळवलेला देह असा टाकायचा आणि अर्ध्या जिवानिशी पुढे निघायचं. २००९ मध्ये हा अजब प्रयोग म्हणून खपला. अकरा वर्षांनीही जैसे थे. शत्रूचं थोबाड बदलायला ज्यांचा हात कचरला नाही, त्यांना एक समजेल अशी सूचना लिहायला कचरावं?

नेक्ससमध्येच एक मोडका दगडही आहे. सहा जगांकडे नेणाऱ्या सहा शिळांपैकी राक्षसी देहाच्या लोकांच्या भूमीची शिळा फुटलेली, तिकडे जाताच येत नाही. रिमेकमध्ये ती जुळवली जाईल अशी आशा अनेकांना होती. ब्लूपॉइंटने ती फुटकीच ठेवली. योग्य केलं.

एवढी कुरकुर कशासाठी, आवडत नसेल तर जुना खेळा, असं कुणी म्हणेल. अडचण तिथेच आहे. जुना खेळ पीएस३च्या बाहेर कधी आलाच नाही. त्याचे सर्व्हर २८ फेब्रुवारी २०१८ रोजी बंद झाले आणि अनोळखी माणसांच्या सावल्या, संदेश, रक्ताचे डाग एका रात्रीत पुसले गेले. चाहत्यांनी स्वतःचा पर्यायी सर्व्हर उभा करून थोडी धुगधुगी ठेवली, ती त्यांची हौस. आपल्याकडे पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, ४९,९९० रुपयांना. रिमेकची किंमत तेव्हा ४,९९९ होती. पैसे मोजून आज जो कुणी बोलेटारियात शिरेल, त्याच्यासाठी फोडांनी भरलेला अंमलदार हाच मूळचा.

हे टाळता येतं. स्क्वेअर एनिक्सने ‘ट्रायल्स ऑफ माना’ २०२० मध्ये नव्या त्रिमिती रूपात काढला. १९९५ चा मूळ खेळ तोवर जपानबाहेर अधिकृतपणे कधीच विकला गेला नव्हता. तो त्यांनी २०१९ मध्येच ‘कलेक्शन ऑफ माना’तून इंग्रजीत आणला होता. वर नव्या खेळातही जुनं संगीत लावण्याची सोय दिली. दोन्ही समोर आहेत, हवा तो घ्या. मग नव्याने कितीही रंगरंगोटी केली तरी कुणाचं काही अडत नाही. सोनीने पीएस३चा खेळ थोडा साफसूफ करून रिमेकच्या जोडीला दिला असता, तर हा स्तंभ मला निम्म्या जागेत आटोपता आला असता.

तरी खेळा म्हणेन. सुरुवातीला ‘रॉयल्टी’ हा वर्ग निवडा. लांबून मारायची जादू पहिल्यापासून मिळते. पहिला बॉस पडेपर्यंत ताकद वाढवता येत नाही, तेव्हा धीर धरा. पॅचेस नावाचा टकल्या भेटेल आणि पलीकडे खजिना आहे म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. नेक्ससमधल्या कोठारवाल्या थॉमसशी मात्र अधूनमधून बोलत चला, त्याच्या मुलीची हिरवी केसांतली पिन कुठेतरी सापडते. आणि घाणीची दरी संपली की यूट्यूबवर जुन्या खेळातली तीच लढाई शोधून बघा, किल्ल्यातल्या त्या अंमलदारासकट.