टेस्ट प्लगच्या समोर कोण उभा राहतो?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राने खान्देशातील कारीगरांना बरीच रोजी दिली आहे. आधी वीज मंडळाचे आणि २००५ पासून महानिर्मितीचे असलेले हे केंद्र. २१० मेगावॅटच्या जुन्या संचांनंतर ५०० मेगावॅटचे दोन संच आले, पुढे ६६० मेगावॅटच्या संचाचे काम निघाले. असे काम निघाले की वेल्डर, फिटर आणि हेल्पर यांची मागणी वाढते आणि आपल्या वस्त्यांतील मुले ठेकेदाराकडे लागतात. हुनर हाती येतो ही खुशीची गोष्ट आहे. मात्र या कामातील एका धोक्याविषयी आपल्या मोहल्ल्यांत कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही लिहीत आहोत.

आम्ही धंद्याने कापडवाले. पण धुळे-मालेगावच्या सायझिंगमध्ये सूत वाफेच्या सिलिंडरांवर वाळते, प्रोसेस हाऊसमध्ये रंगाई वाफेवर चालते, आणि या साऱ्याच्या पाइपलाइन हीच मंडळी जोडतात. तेव्हा हा विषय दीपनगरच्या फाटकाआत संपत नाही.

वेल्डिंग झाल्यावर लाइनचे ‘हायड्रो’ करतात. तोंडे बंद करून पाणी भरायचे आणि पंपाने दाब चढवायचा, बहुधा डिझाइनच्या दाबाच्या दीडपट. जेथे फ्लँज नाही तेथे टेस्ट प्लग बसवतात. दोन लोखंडी तबकड्या, मध्ये रबराची कडी. नट आवळला की रबर फुगून पाइपाला आतून घट्ट धरते. साधा प्लग केवळ या पकडीवर टिकतो. पाइपात गंज, तेल किंवा रंग असेल तर पकड निसटते. साइझही पाइपाच्या नावावरून घेऊन चालत नाही. चार इंची पाइप शेड्यूल ४० चा असेल तर आतून सुमारे १०२ मिलीमीटर भरतो, शेड्यूल ८० चा असेल तर ९७. कापड जसे आम्ही गजाने मोजूनच देतो, तसे आतील माप घेतल्याशिवाय प्लग बसवू नये. प्लगवर छापलेला दाब हीच त्याची हद्द; तो पुसला गेला असेल तर प्लग बाजूला टाकावा.

आता वजनाचा हिशेब पाहा. गेजवर १० किलो दिसले की मुलांना ते थोडे वाटते. पण ते दर चौरस सेंटिमीटरला १० किलो असतात. चार इंची पाइपाचे तोंड सुमारे ८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्लगच्या पाठीवर ८०० किलो. सहा इंची पाइपाला हेच १८०० किलोच्या वर जाते. कापसाची गाठ १७० किलोची धरली तर दहा गाठींहून अधिक वजन त्या एका नटापलीकडे रेटा देत उभे असते. आणि आपला शागीर्द, गळती दिसते का म्हणून, नेमका समोर वाकून बघतो!

त्याने बाजूने बघावे. प्लगच्या रेषेत, मग तो दहा हात दूर का असेना, कोणी थांबू नये. तेथे दोरी बांधून रस्ता बंद करावा. प्लगच्या मागे आडवी पट्टी किंवा मजबूत अडसर हवा. दाब टप्प्याटप्प्याने चढवावा, प्रत्येक टप्प्यावर थांबावे. दाबाखाली नट आवळणे, हातोडी मारणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे. गळती दिसली तर आधी दाब शून्यावर आणावा, मगच हात लावावा. प्लग काढतानाही तेच; गेज शून्य दाखवतो एवढ्यावर भरवसा न ठेवता व्हॉल्व्ह उघडा करून पाणी वाहिलेले डोळ्यांनी पाहावे.

काही ठेकेदार पाण्याचा टँकर वाचवण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा भरतात. आमच्या मते याहून महाग बचत नाही. १० किलो दाबाला १०० लिटर पाणी जेमतेम अर्धा कप आकसते. प्लग सुटला तर तेवढ्यावर जोर ओसरतो. त्याच पाइपात हवा असेल तर सुमारे ११०० लिटर हवा कोंबलेली असते आणि ती एका क्षणात बाहेर येऊ पाहते. प्लग मग गोळीसारखा सुटतो. पाणी भरतानाही सर्वात उंच जागेवरून हवा पूर्ण काढली पाहिजे ती याचसाठी.

आपल्या उन्हाची गोष्ट बाहेरच्या पुस्तकात ठळकपणे सापडणार नाही. भुसावळचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. हवा काढून ठासून भरलेल्या पाइपातील पाणी एक अंश तापले तरी दाब चार-पाच किलोने चढू शकतो. सकाळी १० किलोवर बंद करून सगळे जेवायला गेले, तर दुपारी गेज कुठे असेल? म्हणून दाबाखालील लाइन सोडून जाऊ नये, रिलीफ व्हॉल्व्ह लावलाच पाहिजे, आणि उन्हाळ्यात हे काम फजरनंतर लगेच उरकावे.

बॉयलरसाठी १९२३ चा कायदा होता, २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा केला. बॉयलरवर निरीक्षकाची नजर असते. छोट्या शेडमधील पाण्याच्या लाइनपाशी मात्र निरीक्षक नसतो. तेथे ठेकेदार, मिस्त्री आणि तो हेल्पर एवढेच असतात. ठेकेदार पुष्कळदा आपल्याच बिरादरीचा असतो, मुलगा ‘चाचा’ म्हणून त्याच्या शब्दावर जातो आणि नाही म्हणत नाही. चाचांनी याचा फायदा घेऊ नये.

खरी गोम रेटमध्ये आहे. टेस्टिंगचे पैसे लेबर रेटमध्ये मिसळले जातात, आणि सर्वात कमी रेट देणारा पहिली काटछाट तेथेच करतो: जुना प्लग, एकच गेज, तोही कधी तपासलेला नाही. आमचे सायझिंग आणि प्रोसेसवाल्या बंधूंना सांगणे आहे की कोटेशनमध्ये टेस्टिंगची ओळ वेगळी मागा. योग्य दाबाचा प्लग, मागचा अडसर, तपासलेले दोन गेज, रिलीफ व्हॉल्व्ह आणि पाणी, यांचा खर्च त्या ओळीत लिहून घ्या. ज्याच्या कोटेशनमध्ये ही ओळ नसेल त्याला काम देण्याआधी, पंप चालू असताना त्याचा हेल्पर कोठे उभा राहणार आहे, एवढे विचारा.