खाऱ्या पाण्यातील माशांचे आजार : औषधाआधी निदान

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील शेतकऱ्यास रोगाचे निदान ही गोष्ट नवी नाही. देवगडच्या बागेत आंब्याचा मोहोर गळू लागला, तर तो तुडतुड्यांमुळे गळतो की भुरीमुळे, हे पाहिल्यावाचून जाणता बागाईतदार फवारणीस हात घालीत नाही. एकावरील औषध दुसऱ्यास लागू पडत नाही, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. परंतु त्याच घरात समुद्राच्या पाण्याची टाकी आली व तीत शोभिवंत मासे सोडले, म्हणजे ही सावधगिरी सुटते. मासा मलूल दिसला की दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते, ती टाकीत रिकामी होते आणि चार दिवसांत टाकीही रिकामी होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असाच हा प्रकार होय.

क्लाऊन माशाची पैदास टाकीत करण्याचे तंत्र भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सिद्ध केलेले आहे. समुद्राचे पाणी ज्यांच्या दाराशी आहे, त्यांस हा जोडधंदा करण्यासारखा आहे. मात्र खाऱ्या पाण्यातील मासा महाग असतो व त्याचे पाणी राखणेही कष्टाचे असते. म्हणून निदानाची सवय प्रथम व औषध शेवटी, हा क्रम पाळल्यावाचून ह्या धंद्यात टिकाव लागणे कठीण आहे.

आधी पाणी, मग मासा

टाकीतील पुष्कळसे आजार हे मुळात पाण्याचे आजार असतात. माशाच्या कल्ल्यांतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असल्यामुळे तेथे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. त्याचे रूपांतर करणारे उपयोगी जीवाणू नव्या टाकीतील गाळणीत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तत्पूर्वी मासे सोडले तर ते गुदमरतात आणि पालकास तो रोग वाटतो. त्यावर औषध ओतल्यास हे जीवाणूही मरतात व संकट दुणावते.

मालवणच्या किनाऱ्यावर ह्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पावसाळ्यात कर्ली नदीच्या मुखाजवळचे किंवा कोळंबच्या खाडीचे पाणी गोडसर व गढूळ होते; ते भरल्यास क्षारता एकदम उतरते. ह्याकरिता पाणी पावसापूर्वी, भरतीच्या वेळी, खाडीमुखापासून दूर भरून अंधाऱ्या जागी झाकून साठवावे. उलट एप्रिल-मे महिन्यांत टाकीतील पाणी आटते, पण मीठ मागे राहते. ही तूट समुद्राच्या पाण्याने भरून काढल्यास क्षारता वाढतच जाते. ती स्वच्छ, क्लोरीनविरहित गोड्या पाण्याने भरावी. खुल्या समुद्राची क्षारता दर हजार भागांस सुमारे ३५ भाग असते. क्षारतामापक घरी नसेल, तर टाकी घेऊ नये हेच बरे.

लक्षणे काय सांगतात

सर्व मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. वीज गेल्याने हवेचा पंप बंद पडला होता काय, हे प्रथम पाहावे. पाण्यात काहीच दोष नसून एखादाच मासा धापा टाकीत असेल, तर कल्ल्यांतील परोपजीवींची शंका घ्यावी.

मासा दगडावर अंग घाशीत असेल व अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसत असतील, तर तो सागरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होय. ठिपक्यांऐवजी पिठासारखी बारीक सोनेरी भुकटी दिसली, तर तो त्याहून घातक मखमली रोग समजावा. त्यात दोन-तीन दिवसांतही मासे मरतात. क्लाऊन माशाच्या अंगावर दाट पांढरट स्राव साचून तो खाणे सोडतो, तेव्हा तिसऱ्याच परोपजीवीची शंका येते. एकच डोळा सुजला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही डोळे सुजले तर दोष शरीराच्या आत असावा. पर झिजणे व अंगावर लाल व्रण पडणे हे जीवाणूंचे लक्षण आहे. पण त्यामागेही पुष्कळदा घाण पाणी किंवा दाटीच असते.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नव्हे

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात पालकाची हमखास फसगत होते. परोपजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो, नंतर गळून तळाशी कोष करतो. मासा स्वच्छ दिसू लागतो व औषधाने गुण आला, असे मानले जाते. पुढे त्या कोषांतून शेकडो नवे जीव बाहेर पडतात व दुसरा हल्ला पहिल्याहून जबर होतो. म्हणून आजारी मासे वेगळ्या टाकीत हलवून मूळ टाकी किमान सहा-सात आठवडे माशांवाचून ठेवावी लागते. तांब्याच्या औषधाचा उपयोग होतो, परंतु त्याचे प्रमाण मोजूनच राखावे लागते. ते कोळंबी, शंख व प्रवाळ ह्यांस मारते. तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून ते वापरू नये. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील प्रतिजैविकांना तर किनारी मत्स्यसंवर्धनात मनाईच आहे.

हाच रोग जिताड्यासही, म्हणजे चोणकासही, होतो. त्यामुळे खाडीतील पिंजऱ्यांत मासे वाढविणाऱ्यांनीही हे ज्ञान परके मानू नये. आजारी टाकीचे पाणी ओहोळात किंवा खाडीत सोडणे हा तर शेजाऱ्याचा व समुद्राचा अपराध आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे व तेथे प्रवाळ आहेत, ह्याचे भान प्रत्येक पालकाने ठेवावयास हवे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य

कार्यकर्त्याने औषधाचे नाव सांगण्याऐवजी प्रथम प्रश्न विचारावेत : शेवटचे पाणी केव्हा बदलले? नवा मासा केव्हा आणला? तो चार आठवडे वेगळा ठेवला होता काय? खाद्य किती उरते? ह्या प्रश्नांची उत्तरे देता यावीत, म्हणून प्रत्येक पालकाने वही ठेवावी व तीत तापमान, क्षारता, खाद्य व मेलेल्या माशांची नोंद रोज करावी.

निदान तरीही होत नसेल, तर मेलेला, कुजलेला मासा पाठवून उपयोग नाही. नुकताच आजारी पडलेला जिवंत मासा त्याच्याच पाण्यासह न्यावा. रत्नागिरी जिल्ह्यात सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र व शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांचा सल्ला घ्यावा. माशांच्या रोगांची माहिती कळविण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली 'रिपोर्ट फिश डिसीज' हे भ्रमणध्वनीवरील ॲपही सुरू केले आहे. परंतु आजारी मासा रत्नागिरीपर्यंत जिवंत पोहोचणे कठीण असते. ह्यास्तव किनाऱ्यावरील प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक सूक्ष्मदर्शक, पाणी तपासण्याचा एक संच व ते वापरता येणारा एक माणूस असावा. टाक्यांना अनुदान देणे सोपे आहे. टाकीतील मासा का मरतो हे सांगणारा माणूस तयार करणे कठीण आहे, आणि अधिक गरज त्याचीच आहे. पालकाने वही ठेवावी, शासनाने सूक्ष्मदर्शक ठेवावा, आणि औषधाच्या बाटलीचे झाकण त्यानंतरच उघडावे.