बुटका गहू आणि खोल पेर



गव्हाची पेरणी जवळ आली की पाभरीचे फण किती खोल जाऊ द्यायचे, हा प्रश्न येतोच. ओल खाली गेली असली तर फण दाबावेसे वाटतात. बन्सीसारख्या उंच, जुन्या वाणाला ते चालून जाते. बुटक्या वाणांना मानवत नाही. असे का, ते समजून घ्या.

पिकाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. पाटाला पाणी असले तरी कोणत्या चारीचे दार उघडायचे ते पाटकरी ठरवतो. तसेच कोणते जनुक केव्हा चालू करायचे, हे काही प्रथिने ठरवतात. त्यांना नियंत्रक प्रथिने म्हणतात. त्यांतलेच एक ‘डेला’. वाढीची दारे बंद ठेवणे हे त्याचे काम. झाडाला वाढायचे झाले की जिबरेलिन नावाचे संजीवक तयार होते, त्यामुळे डेला नाहीसे होते, दारे उघडतात आणि कांडी लांबते. द्राक्षबागायतदार जी. ए. फवारतात, तेच हे संजीवक.

हा पाटकरी फार जुना. पावसाळ्यात भिंतीवर उगवणाऱ्या मखमली शेवाळातही डेला असते, मात्र तिथे ते जिबरेलिनला जुमानत नाही. ती जोडणी पुढे, अंगात पाणी वाहणाऱ्या नळ्या असलेल्या वनस्पतींत झाली.

आता गव्हाकडे येऊ. जपानात १९३५ साली ‘नोरिन १०’ ही बुटकी जात निघाली. तिचा बुटकेपणा अमेरिकेमार्गे मेक्सिकोत डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या गव्हात आला. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. उंच गव्हाला खत वाढवले की तो ओंब्यांच्या भाराने लोळे. बुटका ताठ उभा राही. देशाचे गव्हाचे उत्पादन १९६५ साली सुमारे १२० लाख टन होते, ते १९६८ साली सुमारे १७० लाख टनांवर गेले. या बुटकेपणाचे मर्म मात्र १९९९ साली उलगडले. या गव्हातल्या डेलाची घडणच बदललेली आहे. जिबरेलिन आले तरी ते हटत नाही, दारे अर्धवट बंदच राहतात.

हाच पाटकरी कोंबालाही आवरतो. उगवताना कोंबावर टोपीसारखे आवरण असते, ते माती भेदत वर येते. बुटक्या गव्हात ते आखूड असते. बी खोल पडले तर आवरणाची वाढ मातीतच थांबते, आतले कोवळे पान दुमडते आणि उगवण विरळ होते. दोष मात्र बियाण्याला लागतो.

तेव्हा बुटक्या गव्हाचे बी सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच खोलीवरच पडू द्या. ओल खाली गेली असेल तर फण दाबू नका. पाण्याची सोय असल्यास रान ओलवा आणि वापसा आल्यावर पेरा. बियाण्याला जी. ए. लावून कोंब लांबेल, असे कोणी सांगितले तर पैसे घालवू नका. हा गहू त्या संजीवकाला दाद देत नाही.

पेरणीच्या दिवशी पहिला फेरा झाला की बैल किंवा ट्रॅक्टर थांबवा, काकरी उकरा आणि बी किती खोल पडले ते मोजा. फण तेव्हाच वर घेता येतात. पडलेले बी मागाहून वर घेता येत नाही.